भूमध्य प्रदेशातील रानवनस्पतींचे अर्क आणि त्यांचे अँटिऑक्सिडंट गुण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येथे नेमक्या कोणत्या वनस्पतींचा विचार केला आहे?

भूमध्य समुद्राच्या भोवताली, स्पेनपासून लेबनॉनपर्यंत आणि दक्षिणेला मोरोक्को-ट्युनिशियाच्या किनाऱ्यापर्यंत, पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कडक व कोरडा जातो. म्हणजे आपल्या मोसमी हवामानाच्या अगदी उलट. या हवामानात खडकाळ, चुनखडीच्या जमिनीवर कमरेएवढी, सुगंधी आणि बारीक पानांची झुडपे वाढतात. अशा झुडुपी रानाला फ्रान्समध्ये गारिग, तर ग्रीसमध्ये फ्रीगाना म्हणतात. रोजमेरी, थाइम, ओरेगानो, सेज, चिकट पानांचा सिस्टस, मर्टल म्हणजे विलायती मेंदी, आणि पिस्त्याच्या कुळातील मस्तकीचे झुडूप ही या रानातील ठळक नावे आहेत. यांपैकी मस्तकीचा डिंक आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात रुमी मस्तकी या नावाने फार पूर्वीपासून मिळतो. ओरेगानो मात्र बहुतेकांना पिझ्झासोबत येणाऱ्या पुडीमुळेच ठाऊक झाला.

‘अँटिऑक्सिडंट’ या शब्दाचा रसायनशास्त्रातील अर्थ काय?

डब्यात राहून गेलेले शेंगदाणे किंवा सुके खोबरे खवट होते, तेव्हा त्यातील स्निग्धाम्लांचे हवेतील ऑक्सिजनमुळे ऑक्सिडीभवन झालेले असते. ही क्रिया साखळीसारखी चालते. स्निग्धाम्लाच्या एका रेणूतून हायड्रोजनचा अणू निसटला की उरलेला रेणू मुक्त मूलक, म्हणजे एक इलेक्ट्रॉन जोडीविना एकटा राहिलेला रेणू, बनतो. तो ऑक्सिजनशी संयोग पावून शेजारच्या रेणूतील हायड्रोजन ओढतो, आणि मग त्या शेजाऱ्याची तीच गत होते. या साखळीत एखादा असा पदार्थ आला, की जो स्वतःचा हायड्रोजन सहज देऊन टाकतो पण त्यानंतर स्वतः फारसा आक्रमक होत नाही, तर साखळी तेथेच तुटते. अशा पदार्थाला अँटिऑक्सिडंट म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ एवढाच असून त्यात ‘आरोग्यदायी’ असे काहीही अभिप्रेत नाही. पुढील अनेक उत्तरांचा रोख याच फरकाकडे आहे, म्हणून तो सुरुवातीलाच नोंदवला.

याच झुडपांत असे घटक एवढे का आढळतात?

उन्हाळ्यात पाणी नसते तेव्हा झाड पाने वाचवण्यासाठी त्यांची रंध्रे मिटून घेते. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड आत येणे थांबते, पण ऊन मात्र पानावर पडतच राहते. हरितद्रव्याने शोषलेली ऊर्जा साखर तयार करण्यात खर्च होऊ शकत नाही, आणि तिच्यातील काही ऑक्सिजनच्या रेणूंकडे जाऊन त्यांची उपद्रवी रूपे निर्माण होतात. हरितकणांच्या पटलांना या माऱ्यापासून वाचवणारे घटक ज्या वनस्पतीपाशी आहेत, ती अशा जागी तगते. बार्सिलोनातील संशोधकांनी रोजमेरीवर केलेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात असे दिसले, की पाण्याचा ताण बसलेल्या झाडांत ई जीवनसत्त्वाचे प्रमुख रूप वाढते आणि त्याबरोबर रोजमेरीतील कार्नोसिक आम्ल या अँटिऑक्सिडंटच्या कुळातील, ऑक्सिडीभवन पुढे गेलेले पदार्थही वाढतात. म्हणजे हे घटक पानात नुसते साठवून ठेवलेले नसतात, तर ते तेथे खर्ची पडत असतात.

अर्थात उन्हापासून संरक्षण हे एकच कारण नव्हे. शेळ्या-मेंढ्यांनी आणि किडींनी पाने खाऊ नयेत यासाठीही यांतील पुष्कळ घटकांचा झाडाला उपयोग होतो. वनस्पतीने हे सारे स्वतःसाठी केलेले असते आणि माणसाचे आरोग्य तिच्या हिशेबात नसते, हे लक्षात ठेवलेले बरे.

मुख्य घटक कोणते?

रोजमेरी आणि सेज या दोघींमध्ये कार्नोसिक आम्ल आणि त्यापासून तयार होणारे कार्नोसोल हे चरबीत विरघळणारे घटक महत्त्वाचे आहेत. रोजमेरीवरूनच नाव मिळालेले रोजमॅरिनिक आम्ल पाण्यात विरघळते. ते १९५८ मध्ये इटलीतील दोन रसायनशास्त्रज्ञांनी प्रथम वेगळे केले. थाइम आणि ओरेगानो यांच्या सुगंधी तेलात थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल असतात. ऑलिव्हच्या पानांत ऑल्युरोपीन हे कडू द्रव्य असते, आणि त्याच्याच घडणीतला हायड्रॉक्सिटायरोसोल ऑलिव्हच्या तेलातही मिळतो. केपर या झुडपाच्या कळ्यांत रुटिन आणि क्वेर्सेटिन ही फ्लेव्होनॉइडे भरपूर असतात.

अर्क कसा काढतात? घरी केलेला काढा आणि प्रयोगशाळेतील अर्क यांत फरक आहे का?

फार मोठा फरक आहे. प्रयोगशाळेत सावलीत वाळवलेली पाने दळून ती मिथेनॉल, पाणी मिसळलेले इथेनॉल, ॲसिटोन किंवा हेक्झेन अशा द्रावकात भिजवतात, गाळतात आणि द्रावक उडवून टाकतात. कारखान्यात मोठ्या दाबाखालील कार्बन डायऑक्साइडचाही वापर होतो. त्याचा फायदा असा, की दाब काढताच तो वायू होऊन निघून जातो आणि अर्कात काही मागे राहत नाही. मिथेनॉल विषारी असल्यामुळे मिथेनॉलमधील अर्क हा केवळ मोजमापासाठी असतो. द्रावक बदलला की अर्कही बदलतो: उकळत्या पाण्यात रोजमॅरिनिक आम्ल चांगले उतरते, तर कार्नोसिक आम्ल बहुतांशी चोथ्यातच राहते. त्यामुळे हेक्झेनमध्ये काढलेल्या अर्काचा निष्कर्ष रोजमेरीच्या चहाला लावणे चूक आहे, आणि जाहिरातींमध्ये नेमके हेच वारंवार होताना दिसते.

शोधनिबंधांतील डीपीपीएच, एबीटीएस, एफआरएपी या चाचण्यांत काय मोजले जाते?

डीपीपीएच हे जांभळ्या रंगाचे, बाटलीत टिकून राहणारे मुक्त मूलक आहे. त्याच्या मिथेनॉलमधील विद्रावात अर्क टाकून साधारण अर्धा तास अंधारात ठेवतात आणि ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात रंग किती उतरला ते पाहतात. रंग निम्मा उतरवण्यास अर्काची जी संहती लागते तिला आयसी-५० म्हणतात. हा आकडा जितका लहान तितका अर्क प्रभावी, हे वाचकाने ध्यानात ठेवावे, कारण पुष्कळांची गल्लत येथेच होते. एबीटीएसमध्ये निळसर हिरवा रंग फिका होतो. १९९६ मध्ये मांडलेल्या एफआरएपी चाचणीत उलट रंग चढतो, कारण अर्क लोहाच्या एका रूपाचे दुसऱ्यात रूपांतर करतो आणि त्याचे निळे संयुग बनते.

या चाचण्या स्वस्त, झटपट आणि विद्यार्थ्यांना सहज जमणाऱ्या आहेत. म्हणूनच त्यांच्यावर आधारलेले निबंध एवढ्या संख्येने निघतात. परंतु डीपीपीएच हे मूलक सजीवांच्या शरीरात नसतेच, आणि एफआरएपी चाचणी ३.६ इतक्या आम्लधर्मी सामूत होते, जो रक्ताच्या सामूच्या जवळपासही नाही. एकूण फिनॉल (कार्बनच्या वलयाला ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी चिकटलेली, हायड्रोजन सहज देणारी द्रव्ये) मोजण्यासाठी वापरले जाणारे फोलिन-सिओकाल्टो अभिकारक तर क जीवनसत्त्व आणि काही शर्करा यांनाही प्रतिसाद देते, त्यामुळे ‘एकूण फिनॉल’ हे नाव थोडे सैल मनानेच घ्यावे लागते. माझ्या मते यांपैकी कोणतीही एकच चाचणी करून काढलेल्या निष्कर्षाला प्राथमिक नोंदीपेक्षा अधिक किंमत देऊ नये.

एकाच वनस्पतीविषयी निरनिराळ्या निबंधांत इतके वेगळे आकडे का येतात?

वाळवण्याची पद्धत, तोडणीचा महिना, द्रावक आणि चाचणीचा कालावधी ही नेहमीची कारणे आहेतच. पण रानवनस्पतींच्या बाबतीत याहून खोल कारण आहे, आणि त्याचे उत्तम उदाहरण दक्षिण फ्रान्समध्ये मोंपेल्येच्या उत्तरेला सँ-मार्तँ-द-लोंद्र या गावाच्या परिसरात सापडते. तेथील थाइमची सर्व झुडपे दिसायला एकसारखी असली, तरी त्यांच्या तेलाचे सहा रासायनिक प्रकार आहेत. काही झुडपांत थायमॉल, काहींत कार्व्हाक्रॉल असते. हे दोन्ही फिनॉल आहेत. उरलेल्या चार प्रकारांच्या तेलात लिनॅलूल, जिरॅनिऑल यांसारखी फिनॉल नसलेली द्रव्ये प्रमुख असतात. हा फरक आनुवंशिक आहे, आणि कोणता प्रकार कोठे वाढेल हे हवामान ठरवते. हिवाळ्याच्या सुरुवातीला पडणारी कडाक्याची थंडी फिनॉलवाल्या झुडपांना सहन होत नाही, म्हणून जेथे थंड हवा साचते त्या खोलगट भागात बिनफिनॉलची झुडपे असत, आणि फिनॉलवाली भोवतालच्या उबदार, खडकाळ उतारांवर. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १९७०च्या दशकातील नोंदी आणि नव्याने गोळा केलेले नमुने शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा फिनॉलवाली झुडपे पूर्वी त्यांना वर्ज्य असलेल्या भागातही शिरल्याचे दिसले, कारण तेवढी कडक थंडी आता विरळ झाली आहे.

आता विचार करा: एका संशोधकाने उतारावरून पाला आणला आणि दुसऱ्याने काही किलोमीटरवरच्या खोलगट भागातून आणला. दोघांनी निबंधात वनस्पतीचे शास्त्रीय नाव एकच लिहिले आणि दोघेही खरेच बोलत आहेत. तरीही त्यांच्या तेलांचे आकडे जुळणार नाहीत. ज्या निबंधात गोळा केल्याचे ठिकाण, महिना आणि अर्काचे रासायनिक पृथक्करण दिलेले नाही, त्यातील आयसी-५० चा आकडा इतरांच्या आकड्यांशी ताडून पाहण्यात म्हणूनच अर्थ नसतो.

परीक्षानळीतला परिणाम शरीरातही तसाच होतो का?

बहुधा नाही. वनस्पतींतील बहुसंख्य फिनॉल आतड्यातून अल्प प्रमाणात शोषले जातात; जे शोषले जातात त्यांना आतड्याची भिंत आणि यकृत लगेच ग्लुकुरोनिक आम्ल किंवा सल्फेट जोडून टाकतात आणि ते मूत्रावाटे बाहेर जातात. उरलेल्यांचे मोठ्या आतड्यातील जिवाणू तुकडे करतात. म्हणजे रक्तात जे फिरते ते मूळ द्रव्य नसतेच, आणि त्याचे प्रमाणही प्रयोगात वापरलेल्या संहतीच्या मानाने फारच कमी असते. शिवाय पेशींवरील प्रयोगांतही एक खाचखळगा आहे: पेशी ज्या पोषक द्रवात वाढवतात त्यात काही फिनॉल आपोआप ऑक्सिडीभूत होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण करतात, आणि मग पेशींवर दिसलेला परिणाम अर्काचा की पेरॉक्साइडचा, हे सांगता येत नाही. बॅरी हॅलिवेल यांच्यासारख्या या क्षेत्रातील जाणकारांनी याकडे अनेकदा लक्ष वेधले आहे.

कार्नोसिक आम्लाच्या बाबतीत एक निराळा मार्ग संभवतो. ते स्वतः ऑक्सिडीभूत झाल्यावर पेशीतील एनआरएफ-२ नावाच्या नियंत्रक प्रथिनाला मोकळे करते, आणि पेशी आपली स्वतःची संरक्षक विकरे अधिक बनवू लागते. ही कल्पना मला अधिक सयुक्तिक वाटते, परंतु तिचा आधार अजून मुख्यतः पेशी आणि प्राणी यांच्यावरील प्रयोगांपुरता आहे.

अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेतल्याने आजार टळतात का?

मोठ्या चाचण्यांचे उत्तर निराशाजनक आहे. १९९४ मध्ये फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील चाचणीत बीटा-कॅरोटीन (शरीरात ज्यापासून अ जीवनसत्त्व बनते ते द्रव्य) घेणाऱ्या गटात फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी वाढलेले आढळले. अमेरिकेतील १८,३१४ लोकांवरील अशीच चाचणी १९९६ मध्ये ठरल्या वेळेआधी थांबवावी लागली, कारण तेथे ही वाढ २८ टक्के होती. या चाचण्या शुद्ध जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रांच्या होत्या, रानवनस्पतींच्या अर्कांच्या नव्हत्या, हे खरे. पण ‘ऑक्सिडीभवन रोखणारे ते सर्व हितकर’ हे गृहीतक त्यांनी मोडीत काढले. अमेरिकेच्या कृषी खात्याने निरनिराळ्या अन्नपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेचे कोष्टक २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकले, तेही या आकड्यांचा जाहिरातींत गैरवापर होत होता म्हणून.

मग या अर्कांचा सिद्ध झालेला उपयोग कोणता?

अन्न टिकवणे. अमेरिकेत १९५२ मध्ये ३२ मसाल्यांची डुकराच्या चरबीत चाचणी घेतली गेली, तेव्हा रोजमेरी आणि सेज सर्वांत प्रभावी ठरल्या. तेथून सुरू झालेला मार्ग पुढे युरोपीय संघाने २०१० मध्ये रोजमेरीच्या अर्काला ई ३९२ हा क्रमांक देऊन अन्न टिकवण्यासाठी त्यात मिसळायचा पदार्थ म्हणून मान्यता देण्यापर्यंत पोहोचला. या अर्कातील वास बराचसा काढून टाकलेला असतो आणि त्याची मात्रा कार्नोसिक आम्ल व कार्नोसोल यांच्या बेरजेवर मोजली जाते. बीएचए आणि बीएचटी या कृत्रिम द्रव्यांना पर्याय म्हणून तो तेले, मांसाचे पदार्थ आणि तयार सूप यांत वापरतात. आयात केलेल्या खाऊच्या वेष्टनावर घटकांच्या यादीत शोधल्यास तो पुष्कळदा सापडेल.

आरोग्यविषयक दाव्यांबाबत युरोपचे धोरण कडक आहे. २०१० मध्ये युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अँटिऑक्सिडंट क्षमतेवर आधारलेले असंख्य दावे फेटाळले. ऑलिव्ह तेलातील पॉलिफिनॉलविषयीचा दावा मात्र तेथे टिकला, आणि २०१२ च्या नियमानुसार तो छापता येतो: ज्या तेलाच्या २० ग्रॅममध्ये हायड्रॉक्सिटायरोसोल आणि त्याची संबंधित संयुगे किमान ५ मिलिग्रॅम असतील, त्याने रक्तातील स्निग्ध पदार्थांचे ऑक्सिडीभवनाच्या ताणापासून रक्षण होण्यास हातभार लागतो. वाक्य किती मोजून-मापून लिहिले आहे ते पाहण्यासारखे आहे. त्यात हृदयविकाराचा उल्लेखही नाही.

क्रीटमधील लोकांच्या आरोग्याचे श्रेय रानभाज्यांना देता येईल का?

क्रीट बेटावर रानात उगवणारा पाला उकडून, ऑलिव्ह तेल आणि लिंबू घालून खाण्याची जुनी रीत आहे. त्या पाल्याला होर्ता म्हणतात. १९५८ मध्ये सुरू झालेल्या सात देशांच्या अभ्यासात क्रीटच्या पुरुषांमध्ये हृदयविकार फार कमी आढळला, आणि तेव्हापासून तेथील आहाराकडे जगाचे लक्ष गेले. पण त्या माणसांच्या जीवनात भरपूर शारीरिक श्रम, कडधान्ये, थोडे मांस आणि पुष्कळ ऑलिव्ह तेल हे सारे एकत्र होते, त्यामुळे त्यातून पाल्याचा वाटा वेगळा काढणे अवघड आहे.

या होर्तामध्ये एक भाजी अशी आहे जी मराठी वाचकाला नव्याने सांगावी लागणार नाही, ती म्हणजे घोळ. तिच्यात अल्फा-लिनोलेनिक आम्ल, ई जीवनसत्त्व आणि ग्लुटाथायोन चांगल्या प्रमाणात असल्याचे १९९२ मध्ये आर्टेमिस सिमोपोलोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले होते. तिच्यात ऑक्झॅलेटही बरेच असते, म्हणून मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी बेताने खावी.

रानातली वनस्पती नैसर्गिक, म्हणून निर्धोक मानावी का?

मुळीच नाही. जर्मँडर ही भूमध्य प्रदेशातील तुळशीच्याच कुळातील गुलाबी फुलांची वनस्पती. फ्रान्समध्ये तिच्या कॅप्सूल वजन घटवण्यासाठी विकल्या जात असत. त्या घेणाऱ्यांत यकृताच्या दाहाचे रुग्ण आढळू लागल्यावर १९९२ मध्ये त्यांची विक्री बंद करण्यात आली. तिच्यातील काही डायटर्पीन द्रव्यांवर यकृत प्रक्रिया करते, तेव्हा त्यांपासून यकृताच्याच प्रथिनांना घातक ठरणारे पदार्थ तयार होतात. त्याच वनस्पतीत फिनॉलही भरपूर आहेत, आणि परीक्षानळीत ती उत्तम अँटिऑक्सिडंट ठरते.

दुसरे उदाहरण आपल्या महामार्गांच्या दुभाजकांवर फुललेले असते. कण्हेर ही मूळची भूमध्य प्रदेशातही रानात, कोरड्या नद्यांच्या पात्रांत वाढणारी वनस्पती आहे. तिच्या पानांचा अर्कही डीपीपीएचचा रंग उतरवतो, आणि त्याच पानांतील ओलिअँड्रिन हृदयाचे ठोके बिघडवून जीव घेऊ शकते. केवळ रंग किती उतरला यावरून एखादी वनस्पती खाण्याजोगी ठरवणाऱ्याला हे एक उदाहरण पुरेसे व्हावे.

याशिवाय फिनॉलयुक्त अर्क जेवणाबरोबर घेतल्यास वनस्पतिजन्य अन्नातील लोहाचे शोषण घटते. रोजमेरीच्या अर्काबाबत हे तरुण स्त्रियांवरील प्रयोगात दिसलेले आहे. रक्तक्षय असलेल्या शाकाहारी व्यक्तीने अशा गोळ्या घेण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे.

हेच घटक आपल्याकडच्या वनस्पतींत मिळतात का?

काही अगदी तेच मिळतात. थाइममधील थायमॉल आणि ओव्यातील थायमॉल यांत रेणूचाही फरक नाही, आणि ओव्याच्या तेलात तो मुख्य घटक असतो. पानओव्यात कार्व्हाक्रॉल आणि थायमॉल असतात, म्हणूनच त्याच्या भजीला ओरेगानोसारखा वास येतो. तुळशीत रोजमॅरिनिक आम्ल आहे. कार्नोसिक आम्ल मात्र मुख्यतः रोजमेरी-सेजच्या गोतातच आढळते, आणि त्याला स्वयंपाकघरात तुल्य पर्याय नाही.

घरच्या तेलात रोजमेरी घालून ते अधिक टिकवता येईल का?

पूर्ण वाळलेली पाने घातल्यास थोडा फायदा होऊ शकतो, पण कारखान्यातील प्रमाणित अर्काशी त्याची तुलना होणार नाही. ताजी, ओलसर पाने किंवा लसूण तेलात बुडवून बाटली ओट्यावर ठेवणे मात्र धोक्याचे आहे. तेलाखाली हवा पोहोचत नाही, पानांत ओलावा असतो आणि आम्ल नसते. अशा ठिकाणी बोट्युलिझमचे जिवाणू वाढून विष तयार करू शकतात, आणि त्या विषाला चव किंवा वास असेलच असे नाही. आपली लोणची तेलात वर्षभर राहतात हे पाहून फसू नये, कारण तेथे राखण करणारे मीठ आणि आंबटपणा असतात. ताजी पाने घातलेले तेल थोडेच करावे, फ्रिजमध्ये ठेवावे आणि चार दिवसांत संपवावे.